तीन गोदामांची घरपट्टी

माझी धाकटी बहीण आणि मी एकाच निवडणुकीत सरपंच झालो, शेजारशेजारच्या दोन गावांत. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. दोन्ही जागा त्या वेळी महिलांसाठी राखीव निघाल्या होत्या. आई दोन्हीकडच्या मिरवणुकीत नाचली. लोक तिला म्हणायचे, "दोन्ही लेकी सरपंच, भाग्य हाय तुझं." ती म्हणायची, "धाकटीचं नवल हाय. मोठीचं काय, ती करीलच."

हे वाक्य माझ्या वाट्याला लहानपणापासून आलेलं आहे. मी करीनच. त्यामुळे मी केलं तर कुणी बघत नाही आणि धाकटीने केलं तर पेढे वाटतात.

मी याद्या करणारी. शाळेत असताना आई मला भिवंडीच्या बाजारात यादी देऊन पाठवायची आणि धाकटीला माझ्याबरोबर. मी मीठ, मिरची, घासलेट असं एकेक खोडत जायची, सुटे पैसे दोनदा मोजायची. धाकटी नुसती उभी राहायची. दुकानदार हिशेब मला करायला लावायचा आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवायचा. आमची दोघींची लग्नं झाली तीही तशीच. मला जमीनजुमला बघून दिलं, घर चांगलं, माणसं चांगली, सगळं तपासून. तिचं दोन महिन्यांत घाईत जमलं. आणि तिचं सासर निघालं हमरस्त्याला लागून.

त्या वेळी या 'रस्त्याला लागून'चा अर्थ कुणाला माहीत नव्हता. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापारी माल जकातीच्या हद्दीबाहेर, आमच्या भिवंडी तालुक्यात ठेवायचे आणि लागेल तसा आत न्यायचे. कशेळीपासून पूर्ण्यापर्यंत जिथे भात पिकत होता तिथे बघता बघता पत्र्याची गोदामं उभी राहिली. गोदाम उभं राहिलं की त्या गावच्या ग्रामपंचायतीला घरपट्टी. एका मोठ्या गोदामाची वर्षाची घरपट्टी म्हणजे आमच्या अर्ध्या गावाची. बहिणीच्या गावात अशी गोदामं ओळीने होती. माझं गाव तिच्या गावापासून दोन किलोमीटर आत, खाडीच्या बाजूला. वाटेत ओढ्यावर एक जुनी, अरुंद मोरी आहे, तिच्यावरून चाळीस फुटी कंटेनर वळत नाही. त्या मोरीपाशी येऊन गोदामं थांबली.

पहिल्यांदा मी तिच्या ग्रामपंचायतीत गेले तेव्हा तिने मला आपल्या खुर्चीत बसवलं. फिरती खुर्ची, पाठीला उंच. जमिनीला चकचकीत फरशी. भिंतीवर नकाशा, त्यात गावातली प्रत्येक गल्ली काँक्रीटची दाखवलेली. शिपायाने थंड पाणी काचेच्या ग्लासात आणलं, ग्लासाखाली बशी.

"बसून बघ ताय, कशी फिरते," ती म्हणाली आणि तिने मला खुर्चीसकट एक गिरकी दिली.

"कितीची?" मी विचारलं.

"मना काय माहीत? ग्रामसेवकाने आणली."

तिला खुर्चीची किंमत माहीत नव्हती. मला माझ्या कार्यालयातल्या प्रत्येक स्टुलाची माहीत होती, कारण स्टुलं तीन होती. घरी येऊन मी वहीच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'तिच्याकडे', उजवीकडे 'माझ्याकडे'. डावी बाजू त्याच दिवशी पानाच्या तळाशी गेली. हे पान मी नवऱ्यालाही दाखवलं नाही.

मग डिसेंबर आला आणि अंदाजपत्रक करायची वेळ आली. पुढच्या वर्षी गावाला किती पैसा येईल आणि तो कशावर जाईल याचा तक्ता करून तालुक्याला पाठवायचा असतो. आमचे ग्रामसेवक घाटावरचे, वयाने माझ्याच बरोबरीचे, शांत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी मला पहिल्या दिवशीच एक गोष्ट शिकवली.

"ताई, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक तुटीचं चालत नाही. शिल्लक दिसली पाहिजे. शंभर रुपये का होईना."

"आणि नसली तर?"

"तर थकबाकी वसुली वाढवून लिहायची."

मी थकबाकीची यादी मागितली. एवढी जुनी यादी मी कधी पाहिली नव्हती. तिच्यातली बरीच माणसं वारलेली होती. काहींची घरं पडून तिथे दुसरी उभी होती. या सगळ्यांकडून पुढच्या वर्षी घरपट्टी येईल असं आम्ही दर वर्षी लिहीत होतो, आणि त्या न येणाऱ्या पैशावर गाव शिलकीत दिसत होतं. मला हे खटकलं. तरी त्या वर्षी मी तसंच लिहिलं आणि सही केली. आमची शिल्लक चारशे रुपयांच्या आसपास निघाली. बहिणीची लाखांत होती. तिने ती मला फोनवर सांगितली, तीही भाजी काय केलीस असं विचारता विचारता.

फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीचा अर्थसंकल्प टीव्हीवर लागला. पूर्वी मी त्यात फक्त काय स्वस्त आणि काय महाग तेवढं ऐकायची. त्या वर्षी वही घेऊन बसले. अर्थमंत्री तूट किती ते सांगत होते, आवाज न बदलता. देशाचा खर्च कराच्या पैशाहून जास्त आहे, उरलेलं कर्ज काढून भागवू, पुढे हळूहळू कमी करू. विरोधक ओरडत होते, तेही तूट आहे म्हणून नाही, तूट जास्त आहे म्हणून.

"बघा, ते तूट उघड सांगतात," मी नवऱ्याला म्हटलं.

"त्यांना नोटा छापता येतात. तू काय छापशील, घरपट्टीच्या पावत्या?"

तो हसला, पण माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. देशाच्या मंत्र्याला तूट सांगता येते आणि मला चारशे रुपयांची खोटी शिल्लक दाखवावी लागते, आणि माझी बहीण, जिने आयुष्यात एक यादी केली नाही, तिच्याकडे खरी शिल्लक आहे. हा न्याय मला कुठल्याच रकान्यात बसवता येईना.

त्या पावसाळ्यानंतर एक गोदामवाला आमच्या गावात जागा बघायला आला. पांढरी गाडी, बरोबर दलाल. मोरीच्या अलीकडचं माळरान त्याला आवडलं. तीन गोदामं टाकू म्हणाला. मोरी रुंद करायचं आम्ही बघतो, पण रस्त्यावर दिवे हवेत, रात्री माल उतरतो. मी त्याला चहा दिला आणि तो उठायच्या आत तीन गोदामांची घरपट्टी मनात काढून ठेवली.

पुढच्या अंदाजपत्रकात मी ती जमेला धरली. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, जागेचा सौदा झालेला नाही. पाया नाही. बांधकाम नाही. कर कशावर आकारायचा?"

"मेलेल्या माणसांकडून येणारा पैसा तुम्ही धरता. हा तर जिवंत माणूस आहे."

"ती थकबाकी निदान रजिस्टरला आहे."

"मार्चपर्यंत पाया पडेल."

"पडू दे. मग लिहू."

मी ऐकलं नाही. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, ते माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं. डाव्या बाजूला सगळ्यात वर 'दिवे' होतं. बहिणीच्या गावात नाक्यापासून शाळेपर्यंत खांबाखांबाला दिवे होते. मला दिवे हवे होते आणि मार्चपर्यंत थांबायचं नव्हतं. सौदा पक्का करायला दिवे हवेत, असं मी सभेत सांगितलं आणि ठराव करून घेतला. पैसे कुठून, तर पाणीपट्टीच्या खात्यातून. ते खातं वेगळं असतं. लोक पाण्यासाठी भरतात, त्यातून पंपाचं वीजबिल जातं. गोदामांची घरपट्टी आली की परत टाकू, असं मी भाऊसाहेबांना लिहून दिलं. त्यांनी तो कागद फाईलला लावला आणि त्यावर आपला अभिप्राय लिहिला, 'सूचना दिली होती.' त्या तीन शब्दांचा मला फार राग आला होता.

दिवे लागले त्या दिवशी मी बहिणीला उद्घाटनाला बोलावलं. अध्यक्ष तीच, नारळ तिच्याच हाताने. मला ते तिने बघायला हवं होतं. मोरीपासून शाळेपर्यंत चौदा खांब, चौदा ट्यूबलाइटी. बटण दाबलं, दोन लुकलुकल्या, मग सगळ्या लागल्या. बायका 'अगो बाय' म्हणाल्या.

"झकास ताय," बहीण म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, ते मला तेव्हाही कळत होतं. "आमचे गावान आता ट्यूब काढल्या. मोठे पिवळे दिवे लावले. त्या काढलेल्या ट्यूब पडून हायत, तुना हव्या तर सांग, बदलाया लागल्या तर."

मी "बघू" म्हणाले. घरी येऊन डाव्या बाजूला 'दिवे' खोडून 'मोठे पिवळे दिवे' लिहिलं.

मार्चमध्ये पाया पडला. पण आमच्या माळावर नाही. मी तालुक्याहून रिक्षाने येत होते, बहिणीच्या गावच्या फाट्यावर जेसीबी दिसला आणि त्याच्या शेजारी तीच पांढरी गाडी. मी रिक्षा तिथेच सोडली आणि तडक तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून मासळी साफ करत होती.

"तो माझेकडं येनार होता," मी दारातूनच म्हटलं.

"कोन?"

"गोदामवाला. तीन गोदामं."

"तो व्हय. त्याला म्हने मोरीचा खर्च परवडत न्हवता. इकडं जागा मिळाली."

"तू मला सांगितलं न्हाय."

"तू मना कधी सांगितलं तो तुझेकडं येतो म्हनून?" ती मासळी बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तो आला, जागा मागितली, मी काय त्याला हाकलू, माझे तायकडं जा म्हनून?"

मी तिला सांगितलं नव्हतंच. एवढी मोठी गोष्ट मी बहिणीपासून लपवली होती, कारण ती झाल्यावर तिला दिसायला हवी होती. तिने मासळी निवडून दिली, डबा भरून दिला. मी तो घेऊन आले. रस्त्यात माझ्या मनात एकच गोष्ट होती. दुकानदाराने खोबऱ्याचा तुकडा पुन्हा तिच्याच हातावर ठेवला होता.

उन्हाळ्यात पंपाची वीज तोडली. तीन बिलं थकली होती, त्यात नव्या दिव्यांच्या विजेची भर पडली होती, आणि पाणीपट्टीच्या खात्यात भरायला काही नव्हतं. वीज तोडायला आलेला माणूस ओळखीचा होता. "ताई, माझ्या हातात असतं तर," एवढं म्हणून तो खांबावर चढला. दुसऱ्या दिवसापासून गावाच्या नळाला पाणी नाही. रस्त्यावर चौदा दिवे होते, तेही आता बंद. बायका हंडे घेऊन माझ्या दारात आल्या.

बहिणीला कुणी सांगितलं कोण जाणे. दुपारी तिचा टँकर आला. पिवळ्या रंगाचा, नवा, आणि त्याच्या पोटावर फूटभर अक्षरात तिच्या ग्रामपंचायतीचं नाव, खाली 'सरपंच' लिहून तिचं नाव. तो आमच्या शाळेसमोर उभा राहिला. गावच्या बायका त्या नावाखाली ओळ लावून उभ्या.

"तुझी भैन म्हंजे देवमानूस गो," एक म्हातारी मला म्हणाली.

"हिची भैन हाय म्हनून पानी तरी हाय," दुसरी म्हणाली. "नुसतं हिचे भरवशावर असतो, त मेलो असतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, हसावं लागलं. हंडा भरायला मी स्वतः गेले नाही. नवऱ्याला पाठवलं. तो येऊन म्हणाला, "गोड हाय पानी." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

चार दिवस तो टँकर येत राहिला. चौथ्या दिवशी मी ठरवलं की तो बंद झाला पाहिजे. गावाचा पंप गावाच्या पैशाने चालू करायचा. हे मी गावाच्या भल्यासाठी ठरवलं असं नंतर लोक म्हणाले. मला फक्त त्या फूटभर अक्षरांपासून सुटायचं होतं.

मी कोरं पान घेतलं आणि काय काय करता येईल ते लिहिलं. दिवे काढून विकणे: अर्धी किंमतही येणार नाही. पाणीवाल्याचा पगार थांबवणे: त्याची दोन पोरं शाळेत. तालुक्याकडे मागणे: दोन महिने. बहिणीकडे मागणे. हे लिहिलं आणि लगेच खोडलं, कागद फाटेपर्यंत. राहिलं एकच, कर. पण तो दर वर्षी येतो त्याहून जास्त कुठून येणार? म्हणून मी भाऊसाहेबांकडून कर आकारणीची नोंदवही मागितली आणि पहिल्या घरापासून वाचायला बसले. मागच्या दोन वर्षांत मी तिच्यातल्या बेरजा तपासल्या होत्या. घरं वाचली नव्हती.

घर क्रमांक एक, कुडाच्या भिंती, कौलारू. दोन, कुडाच्या भिंती, कौलारू. तीन, तसंच. पाऊण गाव कौलारू होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर ओळीने स्लॅब दिसत होते, स्लॅबवर पाण्याच्या टाक्या, गॅलरीला ग्रील. दहा-पंधरा वर्षांत लोकांनी जमिनीचे तुकडे विकून, कापडाच्या लूमवर ड्युटी करून घरं बांधली होती, दोन-दोन मजली. वहीत ती अजून कौलारू होती आणि कौलांचाच कर भरत होती. बांधणारा सांगत नव्हता, लिहिणारा विचारत नव्हता. दर वर्षी मेलेल्या माणसांची वसुली लिहून बेरीज जुळत होती, तेव्हा विचारायची गरजच पडली नव्हती.

मग माझ्या घराचा क्रमांक आला. कुडाच्या भिंती, कौलारू.

ते घर आम्ही आठ वर्षांपूर्वी बांधलं होतं. सिमेंटच्या गोण्या मी मोजून घेतल्या होत्या. वाळूच्या गाड्या, सळई, खिडक्यांच्या काचा, मिस्त्रीचा चहासुद्धा माझ्या वहीत होता. त्या वहीत माझं घर स्लॅबचं होतं, पंचायतीच्या वहीत कुडाचं, आणि दर वर्षी कौलांचीच घरपट्टी भरूनही मला त्यात कधी काही चुकलेलं दिसलं नव्हतं. बहिणीकडे काय आहे ते मी पानभर लिहिलं होतं. माझ्याकडे काय आहे ते मात्र सोयीचं तेवढंच.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. नेहमी कोरम भरायला माणसं हाका मारून आणावी लागतात, त्या दिवशी पायरीवर जागा नव्हती. पाणी नव्हतं ना.

मी उभी राहिले आणि लिहून आणलेलं वाचलं. तीन गोदामांची घरपट्टी मी जमेला धरली होती, ती गोदामं कधी नव्हती. दिव्यांचे पैसे पाण्याच्या खात्यातून घेतले, ते माझ्या सांगण्यावरून. भाऊसाहेबांनी नको म्हटलं होतं. आपल्या अंदाजपत्रकात शिल्लक दिसते, खरी तूट आहे, आणि ती एवढी आहे. आकडा वाचला.

सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हंजे दिवं फुकट गेलं?"

"फुकट कशे, बिल आलंय ना!"

"आता काय करतेस, राजीनामा देतेस?"

"आता घरं जशी आहेत तशी लिहायची," मी म्हटलं. "स्लॅब असेल तिथं स्लॅब. कर वाढेल. निम्मा या आठवड्यात भरायचा, पंप चालू करायचा."

मग जो गलका झाला त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. एक जण पुढे आला, त्याचं तीन मजली घर मोरीजवळच होतं. "तुझे भैनीचे गावान कोन घरपट्टी भरतो गो? एक मानूस न्हाय. गोदामवाले भरतान. तिला जमतं, तुना का न्हाय जमत?"

हा प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं विचारत होते. त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा तो प्रश्नच किती आळशी आहे ते मला कळलं.

"तिचे गावान रस्ता हाय," मी म्हटलं. मीही आता घरच्या बोलीत आले होते. "आपले गावान मोरी हाय. गोदामवाला तुजे नळाला पानी द्याया येनार न्हाय, दादा. आपलं पानी आपनच भराया लागल."

मागून एक म्हातारा उठला. पूर्वी पंच होता, तोंडाने फटकळ. "आधी सरपंचीनबाईचं घर मोजा. मंग आमचं."

लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं मी गप्प बसेन.

"टेप आणलाय मी," मी म्हटलं आणि पिशवीतून काढला.

अख्खी सभा उठून माझ्या घरी आली. टेपचं एक टोक म्हाताऱ्याने धरलं, दुसरं भाऊसाहेबांनी. नवरा दारात उभा होता.

"अहो, बाजूला व्हा, लांबी घेतायत."

"मना पन मोजा," तो म्हणाला. "मी पन आता कौलारू न्हाय राहिलो." त्याच्या डोक्यावरचे केस तेव्हा बरेच गेले होते. त्यावर जो हशा पिकला त्यानेच सभा निवळली असं मला वाटतं. ओटासुद्धा मोजला. म्हाताऱ्याने संडासही सोडला नाही. आमची घरपट्टी पाचपट झाली. मी ती तिथेच भरली, पावती फाडून घेतली आणि सगळ्यांना दाखवली. मग हात वर करून मतं घेतली. ठराव जेमतेम मंजूर झाला. मोरीजवळच्या तीन मजलीवाल्याने हात वर केला नाही, पण दुसऱ्या दिवशी निम्मी घरपट्टी त्याच्या बायकोने आणून दिली.

पाच दिवस आम्ही घरं मोजत फिरलो. मी पुढे, यादी हातात. शिव्या पडल्या, दोन घरांत चहाही मिळाला. सहाव्या दिवशी बिल भरलं आणि दुपारी पंप सुरू झाला. पहिलं पाणी तांबडं आलं, मग स्वच्छ. त्या दिवशीही टँकर आलाच होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, "परत ने, उद्यापासून नको." तो भरलेला टँकर तसाच वळला.

आणि त्याच दुपारी मी टँकरच्या डिझेलचा हिशेब केला, इतके दिवस, इतक्या फेऱ्या, आणि आमच्या ग्रामपंचायतीचा धनादेश लिहून नवऱ्याबरोबर बहिणीकडे पाठवला. तिचं काही राहायला नको होतं. भाऊसाहेब तालुक्याला गेले होते, त्यांची वाट बघायलाही मला धीर नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की डावी आणि उजवी बाजू सारखी झाली.

आठवड्याने ती स्वतः आली. ओट्यावर बसली, पंख्याकडे तोंड करून. मी तिला मोजणीची गोष्ट सांगितली, म्हाताऱ्याने संडास मोजला तेही. ती पोट धरून हसली.

"तुझे सभेला एवढी मानसं आली भांडाया," ती म्हणाली. "माझेकडं कोरम व्हत न्हाय ताय. कुनी यायला बघत न्हाय. सगळं गोदामांचे पैशात व्हतं, मंग मना कोन विचारतो? खर्च कुठं करायचा ते माझे दिराने आनी ठेकेदाराने आधीच ठरवलेलं असतं. मी सही करते, खुर्चीत फिरते."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तिने ते बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असेल. पण माझ्या मनात आलं ते असं: हिला कोरम होत नाही आणि तरी हिच्याकडे मोठे पिवळे दिवे आहेत. माझ्याकडे अख्खं गाव भांडायला येतं आणि चौदा ट्यूबलाइटींतल्या पाच बंद आहेत. मला ती भांडणारी माणसं हवी होती, आणि तिचे दिवेही हवे होते. त्या वर्षी डिसेंबरात मी अंदाजपत्रकातून मेलेली माणसं काढून टाकली. खरा येणारा पैसा लिहिला, खर्च त्याच्या आत बसवला, आणि चारशेच्या ऐवजी सव्वादोनशेची शिल्लक दाखवली. ती खरी होती. ते करतानाही मला वाटत होतं की हा तक्ता एकदा धाकटीने बघावा.

त्या दिवशी निघताना धाकटी दारात थांबली, पर्समधून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. माझाच धनादेश, घडी घातलेला.

"हा घे. तुझा तुझेकडं ठेव."

"डिझेलचे पैसे घ्यावे लागतील. पंचायतीचा व्यवहार आहे," मी म्हटलं. "परत घेणार नाही मी."

"अगो, मी घेत व्हते," ती म्हणाली. "बँकेनेच घेतला न्हाय. यावर तुझी एकटीची सही हाय. ग्रामसेवकाची राहिली. दोन लागतान ना?" आणि पायरी उतरता उतरता, हसू दाबत, "यादीत लिहायचं राहिलं व्हय, ताय?"

बरोबर होतं तिचं. ग्रामपंचायतीच्या धनादेशाला दोन सह्या लागतात, हे मीच तिला सरपंच झाल्यावर पहिल्या आठवड्यात लिहून दिलं होतं, एक दोन तीन क्रमांक घालून.